रक्तातली नोंद आणि जिन्यातला दम

पत्र

डॉक्टर, मी ४४ वर्षांची, मूळची साताऱ्याची, गेली १६ वर्षं न्यू जर्सीत. वडील ५२व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. गेल्या महिन्यात धाकट्या भावाला, ४१व्या वर्षी, अटॅक आला. साताऱ्याहून पुण्याला नेऊन अँजिओप्लास्टी केली. तो वीस वर्षं सिगारेट ओढतो. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. इथे एक रक्ताची टेस्ट मिळते. डीएनए मिथायलेशन बघून हृदयविकार आहे का ते सांगतात. मी आणि माझे मिस्टर (४७, काही त्रास नाही) दोघांसाठी करू का? भावासाठी किट पाठवता येईल का? मुलगी १६ वर्षांची आहे, तिची करावी का? ऑनलाइन कॅल्क्युलेटरने माझा दहा वर्षांचा धोका फक्त दीड टक्का दाखवला, मग वडिलांचं आणि भावाचं काय? मिथायलेशन सुधारतं म्हणून मिथाइल-बी१२ आणि फोलेटच्या गोळ्या चालू केल्यात, ठीक ना? एरवी मी ठणठणीत आहे. मुलीच्या वेळी शुगर वाढली होती तेवढंच, बाळंतपणानंतर ती गेली. हल्ली बेसमेंटमधून कपड्यांची बास्केट वर आणताना दम लागतो, जबडा ओढल्यासारखा होतो, दोन मिनिटं टेकलं की जातं. पण पंचेचाळिशी आली, व्यायाम नाही, चालायचंच.

उत्तर

प्रिय ताई,

तुम्ही बरेच प्रश्न विचारलेत, आणि ज्याचा प्रश्नच केला नाहीत ती गोष्ट शेवटच्या दोन ओळींत सांगून टाकलीत. मी तिथूनच सुरुवात करते. बाकी सगळं दोन-चार आठवडे थांबेल, हे थांबणार नाही.

बास्केट घेऊन जिना चढलात की जबडा ओढतो, दम लागतो, आणि टेकलात की दोन मिनिटांत थांबतं. छाती, मान, जबडा, खांदा किंवा हात यांपैकी कुठे तरी ओढ किंवा दाब, तो श्रमाने येणं आणि विश्रांतीने जाणं, या तीन गोष्टी एकत्र ऐकल्या की आम्ही आधी अंजायना धरून चालतो आणि मग तो नाही हे शोधायला लागतो. अंजायना म्हणजे हृदयाच्या स्नायूला लागेल तेवढं रक्त न पोचल्यामुळे होणारी तक्रार. बायकांमध्ये छातीत दुखण्याऐवजी किंवा त्याच्या जोडीला जबडा, पाठ, दम, मळमळ, कमालीचा थकवा अशा रूपात ती बऱ्याचदा येते, आणि म्हणूनच ती ॲसिडिटी, दात, वय, वजन यांच्या खात्यावर टाकली जाते. तुमचं दुखणं मानेचं निघेल, दाताचं निघेल, हिमोग्लोबिन कमी असल्याचं निघेल. तसं निघालं तर फार बरं. पण वडील ५२व्या वर्षी, भाऊ ४१व्या वर्षी, आणि तुम्हाला हे ‘हल्ली’ सुरू झालेलं. असं असताना ‘चालायचंच’ म्हणू नका.

माझी आत्या मिरजेला असायची. देवळाच्या पायऱ्या चढताना तिचा डावा जबडा दुखायचा. दाताच्या डॉक्टरांनी दाढ काढली. दाढ खरंच किडलेली होती, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. तीन आठवड्यांनी ती अंगणात कोसळली. मी तेव्हा एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला होते. दाढ काढल्याचं मला फोनवर कळलं होतं, आणि मी तिला एवढंही विचारलं नाही की आत्या, दुखतं ते जेवताना की चढताना? तेव्हापासून हा प्रश्न मी माझ्यासमोर बसलेल्या प्रत्येकाला विचारते.

तर उद्या सकाळी तुमच्या फॅमिली डॉक्टरांच्या ऑफिसला फोन करा. ‘ॲन्युअल चेकअप हवाय’ म्हणू नका, सहा आठवड्यांनंतरची तारीख देतील. स्पष्ट सांगा: जिना चढताना जबड्यात दुखतं, थांबल्यावर जातं, नुकतंच सुरू झालंय, वडील आणि भाऊ दोघांना कमी वयात अटॅक. एवढं ऐकल्यावर एक-दोन दिवसांत बोलावतील, तिथे जमत नसेल तर कुठे जायचं तेही सांगतील. ईसीजी होईल. तो नॉर्मल आला तरी तेवढ्यावर परत येऊ नका, कारण स्वस्थ बसलेल्या माणसाचा ईसीजी अंजायना असूनही नॉर्मल असू शकतो. पुढे स्ट्रेस टेस्ट (हृदयावर श्रम टाकून ते कसं चालतं हे बघणं) करायची की सीटी अँजिओग्राफी (स्कॅनने हृदयाच्या रक्तवाहिन्या बघणं), ते हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. आणि दुखणं बसल्या जागी आलं, पाचेक मिनिटं टेकूनही गेलं नाही, आधीपेक्षा कमी श्रमाने यायला लागलं किंवा घाम-मळमळ बरोबर आली, तर ९११, म्हणजे तिथला आणीबाणीचा नंबर. मिस्टरांनी गाडी काढायची नाही. ॲम्ब्युलन्समध्ये ईसीजी आणि शॉक देण्याचं यंत्र असतं, तुमच्या गाडीत नसतं.

आता तुमच्या टेस्टकडे येते. ती थोतांड नाही हे आधी सांगते, कारण ‘मिथायलेशन’ हा शब्द हल्ली बऱ्याच थोतांडाबरोबरही फिरतो. यामागचं विज्ञान खरं आहे आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

तुमची साताऱ्याला जमीन असेल तर सातबारा पाहिला असेल. गट नंबर तोच राहतो, क्षेत्र तेच राहतं, पण ‘इतर हक्क’ या रकान्यात नोंदी चढतात-उतरतात. सोसायटीचं कर्ज काढलं की बोजा चढतो, फेडलं की फेरफार होऊन उतरतो. जमीन इंचभरही बदललेली नसते, पण त्या जमिनीचं काय करता येईल हे त्या नोंदीवर अवलंबून असतं. डीएनएचं तसंच आहे. आईवडिलांकडून आलेली अक्षरं जन्मभर जवळजवळ तीच. पण त्यातल्या सायटोसिन नावाच्या अक्षरावर जागोजागी एक चिमुकला रासायनिक गट बसतो, एक कार्बन आणि तीन हायड्रोजन. हाच मिथाइल गट. जनुकाच्या सुरुवातीच्या भागात तो दाटीने बसला की ते जनुक बहुधा गप्प होतं. माणसाच्या जनुकसंचात अशी नोंद होऊ शकेल अशा सुमारे २ कोटी ८० लाख जागा आहेत. वय, धूर, शुगर, आईच्या पोटातलं पोषण यांनी या नोंदी बदलतात. २०१३ साली लॉस एंजेलिसच्या स्टीव्ह होर्वाथ यांनी अशा केवळ ३५३ जागा वाचून माणसाचं वय बऱ्यापैकी अचूक सांगता येतं हे दाखवलं, तेव्हापासून या क्षेत्राला वेग आला.

सगळ्यात लख्ख उदाहरण सिगारेटचं आहे आणि ते तुमच्या भावासाठी सांगते. एएचआरआर नावाच्या जनुकावर एक जागा आहे, संशोधकांच्या यादीत तिचा नंबर सीजी०५५७५९२१. सिगारेट न ओढणाऱ्यांमध्ये ही जागा मिथाइल गटांनी बरीचशी भरलेली असते. ओढणाऱ्यांमध्ये ती रिकामी होत जाते, जितकी सिगारेट जास्त तितकी जास्त रिकामी. माणूस ‘सोडली’ म्हणाला तरी रक्त खरं सांगतं. आणि खरोखर सोडली की महिने-वर्षं जातील तशी ती पुन्हा भरू लागते. भावाला हे नक्की सांगा. आपण सोडल्याची नोंद आपलं रक्त ठेवतं, हे कळल्यावर जोर धरलेले पेशंट मी पाहिले आहेत.

पण याच उदाहरणात तुमच्या टेस्टची मर्यादाही दडली आहे. हृदयाच्या रक्तवाहिनीत काय चाललंय हे बघायचं असताना आपण डीएनए घेतो कुठला? रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा. हृदयाचा तुकडा कुणी काढत नाही, काढूही नये. पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीतल्या सुजेत, चरबीचा थर साठण्यात भाग घेतात, त्यामुळे त्यांच्यावर खुणा उमटतात हे खरं. पण त्यांच्यावर सिगारेटची, शुगरची, वयाची, लठ्ठपणाचीही खूण उमटते. मग टेस्टने ‘धोका’ म्हटलं तेव्हा तिने रक्तवाहिनीतला अडथळा ओळखला, की वीस वर्षांची सिगारेट ओळखली? बऱ्याच अंशी दुसरं. सिगारेट ओढतोस का हे मी फुकट विचारू शकते.

अभ्यास मोठे झाले आहेत. २०१९ मध्ये ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात अमेरिका आणि युरोपातल्या नऊ गटांचा एकत्रित अभ्यास आला. हृदयविकार नसलेल्या ११,४६१ माणसांच्या रक्तातलं मिथायलेशन मोजून त्यांच्यावर सरासरी ११ वर्षं लक्ष ठेवलं. १,८९५ जणांना पुढे हृदयविकार झाला, आणि आधीच्या रक्तातल्या ५२ जागांचा त्याच्याशी संबंध दिसला. म्हणजे आजार होण्याच्या कित्येक वर्षं आधी रक्तात काहीतरी लिहिलं जातं, हे नक्की. जेरुसलेमच्या संशोधकांची वाट आणखी वेगळी आहे. हृदयाच्या स्नायूपेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात, आणि मिथायलेशनच्या नक्षीवरून ते तुकडे हृदयाचेच आहेत हे ओळखता येतं. तिथे खरोखर हृदयाचीच नोंद वाचली जाते. पण ती मरणाऱ्या पेशींची बातमी आहे, जिन्यात दम लागणाऱ्या माणसाला पुढचं सांगणारी नाही.

तुम्ही म्हणता तशा टेस्टपैकी एक आयोवा विद्यापीठातल्या कामातून पुढे आली. रॉबर्ट फिलिबर्ट हे तिथले मनोविकारतज्ज्ञ, व्यसनांचा अभ्यास करता करता या खुणांकडे वळले; मीशा डोगन त्यांच्या सहकारी. त्यांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहा मिथायलेशनच्या जागा आणि जनुकातले दहा फरक एकत्र वाचून, आत्ता हृदयविकार आहे की नाही, हे सांगायचा प्रयत्न केला. आजार असलेल्या १०० जणांपैकी साधारण ७९ जणांना टेस्टने ओळखलं. आजार नसलेल्या १०० पैकी साधारण ७६ जणांना ‘नाही’ म्हटलं. म्हणजे २१ खरे आजारी सुटले आणि २४ निरोगी पकडले गेले. रक्ताच्या चार थेंबांतून एवढं कळणं कौतुकाचंच आहे. पण हे आकडे तुमच्या घरात आणल्यावर काय होतं ते बघा.

मिस्टरांसारखे ४७ वर्षांचे, काहीच त्रास नसलेले हजार पुरुष घेऊ. समजा त्यातल्या ५० जणांना खरंच आजार आहे. टेस्ट त्यातल्या ४० जणांना पकडेल. उरलेल्या ९५० निरोगी माणसांपैकी २२८ जणांनाही ‘आहे’ म्हणेल. पॉझिटिव्ह आले २६८, त्यात खरे ४०. बाकीचे सव्वादोनशे लोक रात्री जागणार, स्ट्रेस टेस्ट करणार, काही जण अँजिओग्राफीच्या टेबलावर जाणार, आणि शेवटी ‘काही नाही’ ऐकून घरी येणार. एवढं होऊनही पुष्कळांच्या मनातून ते जात नाही. असा एक गृहस्थ माझ्याकडे अजून दर तीन महिन्यांनी ईसीजी काढायला येतो.

तुमच्या बाबतीत उलटी काळजी आहे, आणि मला तीच जास्त वाटते. तुम्हाला त्रास आहे, घराण्यात आजार आहे. समजा तुमच्यासारख्या १०० बायकांपैकी ३० जणींना खरंच आजार आहे. टेस्ट २४ जणींना पकडेल, ६ जणींना सोडेल. निरोगी ७० पैकी सुमारे ५३ जणींना ‘नाही’ म्हणेल. निगेटिव्ह आल्या ५९, त्यातल्या सहा जणींना आजार आहे. दर दहांत एक. हातात ‘निगेटिव्ह’ कागद असलेली ती दहावी बाई बास्केट उचलत राहते, जबड्याचं कुणाला सांगत नाही, कारण अमेरिकेतल्या प्रयोगशाळेने तिला सर्टिफिकेट दिलेलं असतं. ताई, तुम्ही ही टेस्ट आत्ता करू नका म्हणते ते याच कारणाने. ती पॉझिटिव्ह आली तरी पुढे हृदयरोगतज्ज्ञांकडे जायचं, निगेटिव्ह आली तरी जायचंच. मग आधीच जा.

आणखी एक. या टेस्टच्या मागे फ्रेमिंगहॅमच्या लोकांचं रक्त आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या या गावात १९४८ साली ५,२०९ माणसांना घेऊन अभ्यास सुरू झाला, पुढे त्यांची मुलं आली, नातवंडं आली. हृदयविकाराबद्दल जे काही आज जगाला माहीत आहे त्यातलं निम्मं या गावाने शिकवलं असं म्हटलं तरी चालेल. पण ती माणसं जवळजवळ सगळी गोरी, युरोपीय वंशाची. आपलं तसं नाही. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक यायचं मधलं वय ५३ निघालं, बाकीच्या देशांत जवळजवळ ५९. सडपातळ दिसूनही पोटात चरबी, लवकर येणारी शुगर, हे आपलं दुखणं. गोऱ्या लोकांच्या रक्तावर बसवलेला आकडा सातारच्या मुलीला तसाच लागू पडेल हे गृहीत धरायला मी तयार नाही. लंडनमधल्या भारतीयांच्या रक्तावर काम झालं आहे, २०१५ साली त्यातून डायबिटीस होण्याशी जोडलेल्या पाच जागा सापडल्या. हृदयविकारासाठी तशा कामाची आपल्याला गरज आहे आणि ते व्हावं असं मला मनापासून वाटतं.

कॅल्क्युलेटरबद्दल. त्याने दीड टक्का सांगितला कारण त्याने तुमच्या वडिलांबद्दल विचारलंच नाही. आठवून बघा, वय विचारलं, कोलेस्टेरॉल, बीपी, शुगर, सिगारेट विचारली. बाप कशाने गेला, भावाला काय झालं, हा प्रश्न नव्हता. अमेरिकेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या कॅल्क्युलेटरांत तो नसतोच. म्हणून तिथल्याच हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आहे की कॅल्क्युलेटरच्या आकड्यावर थांबू नका, वडील किंवा भाऊ ५५ च्या आत, आई किंवा बहीण ६५ च्या आत आजारी झाली असेल तर धोका वाढवून धरा. दक्षिण आशियाई वंश हाही त्याच यादीत आहे. म्हणजे दोन खुणा तुमच्या नावावर आधीच आहेत, त्या वाचायला कुठलं किट लागत नाही.

तिसरी तुम्ही ‘तेवढंच’ म्हणून उडवून लावलीत. मुलीच्या वेळची शुगर. ती बाळंतपणानंतर ‘गेली’ नाही, दबली. गरोदरपणात शुगर वाढलेल्या बाईला पुढे डायबिटीस आणि हृदयविकार दोन्हीचा धोका जास्त असतो, आणि तिची शुगर दर एक ते तीन वर्षांनी, जन्मभर तपासावी असं सांगितलेलं आहे. तुमची शेवटची एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर सांगणारी टेस्ट, कधी झाली? पत्रात ती नाही, म्हणून मी धरते की झालेली नाही. डॉक्टरांना हे स्वतःहून सांगा, सोळा वर्षांपूर्वीच्या बाळंतपणाबद्दल कुणी विचारत नाही. तेव्हा बीपी वाढलं होतं का, हेही आठवा.

त्याच वेळी रक्त काढतील तेव्हा एक टेस्ट मागून घ्या: लायपोप्रोटीन-ए. सगळे तिला एलपी-ए म्हणतात. हा कोलेस्टेरॉल वाहणारा एक चिकट कण आहे आणि त्याचं प्रमाण जवळजवळ पूर्णपणे जनुकांवर ठरतं. आहाराने, व्यायामाने फारसं हलत नाही, त्यामुळे आयुष्यात एकदा मोजलं तरी बहुतेकांना पुरतं. दक्षिण आशियाई लोकांत दर चारांत साधारण एकाचं ते वाढलेलं असतं. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये हा आकडा येत नाही. बाप ५२ ला, मुलगा ४१ ला, असं घर समोर आलं की मला पहिला संशय याचा येतो. डेसिलिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या वर किंवा दुसऱ्या एककात लिटरमागे १२५ नॅनोमोलच्या वर आला, तर तुमच्या घराण्याच्या गोष्टीचा मोठा भाग कदाचित उलगडेल, आणि मग एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, बरंच खाली आणायचं, ते उतरवणारी स्टॅटिनची गोळी लवकर सुरू करायची, असे निर्णय सोपे होतात. तुम्हाला घराण्याचं रक्तात काय उतरलंय हेच बघायचं होतं ना? त्यासाठी ही साधी, जुनी, बहुतेक मोठ्या लॅबमध्ये होणारी टेस्ट आहे.

मिस्टरांना त्रास नाही. त्यांचं बीपी, लिपिड, एचबीएवनसी, एलपी-ए एकदा बघून घ्या. कंबर मोजा, आपल्या पुरुषांना ९० सेंटिमीटर ही रेघ, बायकांना ८०. एवढं करूनही गोळी चालू करावी की नाही असं तळ्यात-मळ्यात झालं, तर त्यांच्यासाठी कॅल्शियम स्कोअरचा सीटी स्कॅन उपयोगाचा. हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साठलेलं कॅल्शियम त्यात थेट दिसतं, इंजेक्शन नाही, काही मिनिटांचं काम, किरणोत्सर्गही थोडा. विमा बऱ्याचदा याचे पैसे देत नाही, तेवढं आधी विचारा. तुमच्यासाठी मात्र हा स्कॅन आत्ता पुरेसा नाही. तरुण वयात रक्तवाहिनीत चरबीचा मऊ थर असूनही कॅल्शियम शून्य येऊ शकतं, आणि तुम्हाला लक्षणं आहेत.

मिथाइल-बी१२ आणि फोलेट. बी१२ कमी असेल तर जरूर घ्या, शाकाहारी घरांत ते कमी असतंच बऱ्याचदा, आधी मोजा. पण ‘मिथायलेशन सुधारून हृदय वाचेल’ म्हणून घेऊ नका. हा विचार पूर्वी झाला आहे. बी जीवनसत्त्वांनी होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो आम्ल, ते जास्त असलेल्यांत हृदयविकार जास्त दिसतो) उतरतं, मग अटॅकही कमी होतील, असं वाटून हजारो हृदयरुग्णांवर मोठे अभ्यास झाले. २००६ साली नॉर्वेतला आणि कॅनडाच्या पुढाकाराने झालेला असे दोन निकाल एकदम आले. होमोसिस्टीन उतरलं, अटॅक उतरले नाहीत. मिथाइल गट हे खत नव्हे की शिंपडलं आणि पीक आलं. २ कोटी ८० लाख जागांपैकी कुठे चढावा आणि कुठे उतरावा हे गोळीला कळत नाही.

या विषयात पुण्याचं नाव मानाने घ्यावं लागतं, म्हणून थोडं सांगते. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची बाळं यांचा माग ठेवला. बाळं वजनाला कमी भरायची, हातपाय बारीक, पण चरबी त्या मानाने राखलेली. ‘बारीक पण चरबीदार’ भारतीय बाळ ही ओळख तिथून आली. त्या आयांमध्ये बी१२ कमी असणं आणि मुलांमध्ये पुढे इन्सुलिनला दाद न देणं याचा संबंध दिसला, आणि बी१२-फोलेट हे मिथाइल गटांच्या पुरवठ्याच्या साखळीतच बसतात. याज्ञिकांनी २००४ साली लंडनमधल्या आपल्या एका मित्र-डॉक्टरांबरोबर दोघांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एकच, २२.३. शरीरातली चरबी मित्राची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपलं ‘ठणठणीत’ दिसणं किती फसवं असतं याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. गरोदर होण्याआधीच्या वयात मुलींचं पोषण नीट असावं, हा या कामाचा सांगावा आहे. तुमच्या १६ वर्षांच्या मुलीसाठी तो किटपेक्षा जास्त कामाचा आहे.

तिची मिथायलेशन टेस्ट मुळीच करू नका. मोठ्यांच्या रक्तावर बसवलेली टेस्ट सोळा वर्षांच्या मुलीला काय सांगणार? तिचं लिपिड प्रोफाइल मात्र करून घ्या. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या सूचनेप्रमाणे ते एरवीही १७ ते २१ मध्ये करायचं असतं, आजोबा आणि मामाची हकिगत सांगितलीत तर आधी करतील. तुमची एलपी-ए वाढलेली आली तर तिचीही एकदा. आणि तिच्यासमोर ‘आपल्या रक्तातच आहे’ हे वाक्य बोलू नका. मुली ते फार खोल धरून ठेवतात.

पुढे कधी अशी टेस्ट करावीशी वाटलीच, तर आधी आयुर्विम्याची कागदपत्रं बघा. अमेरिकेतला २००८ चा जीना कायदा जनुकीय माहितीवरून आरोग्य विमा किंवा नोकरी नाकारू देत नाही, पण आयुर्विमा, अपंगत्व विमा, म्हातारपणच्या शुश्रूषेचा विमा यांना तो लागू नाही. एकदा रिपोर्ट फाइलमध्ये गेला की तो मागितला जाऊ शकतो.

राहिला भाऊ. त्याला किट पाठवू नका. हृदयविकार आहे का, हे त्याच्या बाबतीत अँजिओग्राफीने सांगून झालं आहे. त्याला आता सिगारेट कायमची सुटणं, स्टेंटनंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या एकही दिवस न चुकणं, स्टॅटिन, आणि पुण्यातल्या डॉक्टरांना विचारून आखून दिलेला चालण्याचा व्यायाम, एवढं हवं आहे. तिसऱ्या महिन्यात ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळ्या बंद करणारे खूप असतात. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर तब्येत विचारण्याऐवजी गोळ्यांची पाकिटं कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा. वहिनींनाही कॉलवर घ्या. त्याची एलपी-ए पुण्यात कुठल्याही मोठ्या लॅबमध्ये होईल, ती पुढच्या फॉलोअपच्या रक्तातच करून घ्यायला सांगा.

आणि त्याच्या डिस्चार्ज कार्डाचा आणि अँजिओग्राफीच्या रिपोर्टचा फोटो आजच मागवा. कुठल्या रक्तवाहिनीत किती टक्के अडथळा होता, एलडीएल किती होतं, शुगर होती का, ते त्यात लिहिलेलं असतं. तो फोटो तुमच्या डॉक्टरांना दाखवा. उद्या फोन केल्यावर अपॉइंटमेंट किती तारखेची मिळाली ते मला याच पत्त्यावर कळवा, आणि ती होईपर्यंत बास्केट मिस्टरांना उचलू द्या.